आईचा चेहरा भरला तो हिवाळा

माझा जन्म मंत्रालयात झाला असं मी सांगते, तेव्हा लोक क्षणभर माझ्याकडे आदराने बघतात. मग मी खरं काय ते सांगते आणि आदर ओसरतो. मी जन्मले तेव्हा रायपूरच्या त्या इमारतीत सरकारी दवाखाना होता. पुढे दवाखाना दुसरीकडे गेला, नवं राज्य झालं, रायपूर एका रात्रीत राजधानी झालं आणि एवढं मोठं सरकार बसवायचं कुठे म्हणून त्या रिकाम्या दवाखान्यात बसवलं. वॉर्डांत प्लायवूडची पार्टिशनं उभी राहिली आणि सलाइनच्या खिळ्यांवर सचिवांची कॅलेंडरं लागली. आई सरकारी नोकरीत टायपिस्ट होती. तिची बदली नेमकी तिथेच झाली. पहिल्या दिवशी घरी आल्यावर खांद्यावरची पर्स ठेवायच्या आधीच ती मला म्हणाली, "तुले जिथं जन्म दिला ना, त्याच्या बाजूच्याच खोलीत माझं टेबल आहे. भितीवर अजून खाटेचा नंबर लिहून आहे."

"तो तेरे साहब क्या खाट पे बैठते हैं?" मी विचारलं.

"त्याइची खुर्ची भोपाळहून यायची आहे. तोवर स्टुलावर बसून राहिले बिचारे."

तेव्हा आमच्या घरात असंच चालायचं. आई-बाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायची. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या मराठी पोरांचं हेच होतं. कळायचं सगळं, पण तोंडातून निघायची हिंदी. आई चिडायची, "नागपुरात मावशीसमोर अशी बोलशीन तर ती मले नावं ठेवीन." मी मुद्दाम अजून हिंदी झाडायची. आज मी मराठीत लिहिते याचं तिला हसू आलं असतं.

त्या दिवशी साहेबांच्या स्टुलावरून आम्ही दोघी एवढ्या हसलो, त्याला कारण होतं. त्याच्या आधीचा उन्हाळा आम्ही हसण्यासारखा घालवलाच नव्हता. आईच्या अंडाशयात गाठ निघाली होती. नागपूरला ऑपरेशन झालं आणि आत काही उरलंसुरलं असेल तर ते जळावं म्हणून डॉक्टरांनी सगळ्या पोटावर किरणं द्यायची ठरवलं. बाबांना रायपूरजवळच्या उरला गावातल्या रोलिंग मिलमधून एवढी सुट्टी मिळेना, म्हणून मावशीच्या घरी आईसोबत मी राहिले. कॉलेजला तशीही सुट्टी होती.

नागपूरचा मे महिना, आणि आईला आंघोळीची बंदी. बंदी म्हणजे पोटाला पाणी लावायचं नाही. किरणं कुठून कुठवर द्यायची याच्या रेघा तिच्या पोटावर नि पाठीवर जांभळ्या शाईने मारल्या होत्या आणि त्या पुसल्या तर पुन्हा सगळं मापायला लागलं असतं. आई दोन वेळा आंघोळ करणारी बाई. मावशी तिला न्हाणीघरात पाटावर बसवायची, खांद्यांवरून आणि पायांवरून पाणी घालायची आणि मधला भाग ओल्या फडक्याच्या कोपऱ्याने, रेघा चुकवत, पुसायची. दोघी बहिणी आत हसायच्या. "तुह्या पोटावर तर नागपूर-रायपूर रेल्वेलाइन काढून ठेवली," मावशीचा आवाज बाहेर यायचा. मी पंख्याखाली बसून ऐकायची आणि मला आतून रडू यायचं.

यंत्राच्या खोलीत आईला एकटीलाच ठेवत. जाड दार लागायचं आणि बाहेर लाल दिवा लागायचा. किरणांपासून किडन्या वाचाव्यात म्हणून मधे शिशाचे ठोकळे ठेवतात, त्यांची सावली किडनीवर पडते, असं तिथल्या माणसाने आम्हाला समजावलं होतं. "फक्त हलू नका," तो रोज बजावायचा. हे आईने फारच मनावर घेतलं. बाहेर आल्यावर ती मला सांगायची, "मी तर श्वासबी रोखून धरते. उगाच हललं पोट आन् भलतंच जळलं तर?" तिचा तो गंभीर चेहरा पाहून मी आणि मावशी पोट धरून हसायचो.

शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "गाठ गेली. आता सोनोग्राफी करत राहा. आणि अधूनमधून बीपी नि लघवीही तपासून घ्या." यातलं "गाठ गेली" एवढंच घेऊन आम्ही रायपूरच्या गाडीत बसलो. घरी दिवा लावला. पुढच्या सोनोग्राफ्या आईने नेमाने केल्या आणि प्रत्येक वेळी पोट स्वच्छ निघालं. जिथे राक्षस बसला होता तिथून तो गेला का, एवढंच आम्ही डोळ्यात तेल घालून बघत होतो.

आई तेव्हा फार वाळली होती. मनगट असं झालं होतं की बांगड्या कणिक मळताना परातीत गळून पडायच्या. गोल बाजारातल्या तिच्या नेहमीच्या चुडीवालीने तिचा हात हातात घेतला आणि जुनं माप न विचारताच लहान पोरींच्या मापाच्या बांगड्या काढल्या. "दो-दो लगेगा दीदी," ती हळू आवाजात म्हणाली. आईने घरी येईपर्यंत हात पदराखाली ठेवला. लग्नापासून ती दो-चारच्या मापाच्या घालत होती.

आणि मग तो हिवाळा आला.

राजधानी झाल्याचा माज रायपूरला नुकताच चढायला लागला होता. चौकाचौकांत नव्या मंत्र्यांच्या अभिनंदनाचे फलक, रस्ते उकरलेले, लाल दिव्याच्या गाड्या पाहिल्या की पानठेल्यावरची माणसं उठून बघायची. घरांची भाडी वाढली, आमच्या गल्लीतले दोन घरमालक अचानक फार सभ्य बोलायला लागले. आणि या सगळ्यावर सिलतऱ्याच्या आणि उरल्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं की तळवे काळे. बाबांच्या शर्टाची कॉलर रोज घासावी लागे. आईने गच्चीवर उडदाचे पापड घातले तर संध्याकाळी त्यांच्यावर मिऱ्यासारखी काजळी. ती झटकून आम्ही खायचो. रायपूरचा मसाला, बाबा म्हणायचे.

त्या हिवाळ्यात आईचा चेहरा भरायला लागला.

आधी बाबांच्या लक्षात आलं. एका सकाळी चहाचा कप तसाच हातात धरून ते तिच्याकडे पाहत राहिले आणि मला म्हणाले, "पाहा, तुह्या आईचे गाल आले." खरंच आले होते. डोळ्यांखालचे खड्डे बुजले होते. गळ्याचं हाड दिसेनासं झालं होतं. काही दिवसांत ब्लाउज घट्ट झाले आणि आई मशीनवर बसून बाजूची शिवण उसवायला लागली. ते काम करताना ती गुणगुणत होती. आजारपणात तिने बारीक करून घेतलेले ते ब्लाउज होते. उसवलेल्या दोऱ्यांचा गुंता माझ्यासमोर धरून म्हणाली, "हे पाहा, माह्या दुखण्याचं सूत."

बांगड्या तर मनगटात रुतायलाच लागल्या. आम्ही दोघी गोल बाजारात गेलो. चुडीवालीने या वेळी हात दाबून पाहिला आणि मोठ्याने हसली. "अरे वा दीदी! अब तो दो-छह लगेगा!" आईने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "दो-छह?" मग हिरव्या काचेच्या दो-छहच्या बांगड्या दोन्ही हातांत भरून घेतल्या. भांड्यांच्या दुकानांसमोरून परतताना ती उगाच हात हलवत चालत होती. मला लाज वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं.

आमच्या लोकांत दुखण्यातून उठलेल्या माणसाचं एकच प्रमाणपत्र असतं. अंग भरलं का? भरलं म्हणजे झालं. ते पाहायला बाया येतात, गालाला हात लावतात, दंड चाचपतात आणि मग चहा पितात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या पाऱ्यातल्या सगळ्या मराठी बाया आल्या, त्या तिळगुळासाठी कमी आणि आईला पाहायला जास्त. नागपूरहून मावशी मुद्दाम आली होती. आईने काळी साडी नेसली होती. "काय भरली माय!" "रंगबी उजळला ना!" "किरणांनं तर तरुण केलं बाई तुमाले!" आई लाजत होती. चाळिशी ओलांडलेली माझी आई नव्या नवरीसारखी लाजत होती, हे मी कधी विसरणार नाही.

बाबांनी कपाटातून कॅमेरा काढला. रोलमध्ये एकदोनच फोटो उरले होते. "हात दाखव," ते म्हणाले. आईने दोन्ही हात चेहऱ्याजवळ उचलले, बांगड्या किणकिणल्या आणि ती तोंड उघडून हसली. एरवी फोटोत ती ओठ मिटून, परीक्षेला बसल्यासारखी बघायची.

एवढं कौतुक झालं म्हटल्यावर बाया गेल्याबरोबर मावशीने मीठ-मिरच्या घेतल्या आणि आईवरून उतरवून विस्तवावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला. "पाहा, केवढी नजर लागली होती," मावशी खोकत म्हणाली. त्या दिवशी जेवणात पापड, लिंबाचं लोणचं आणि दह्यात भिजवून वाळवलेल्या मिरच्या. आईला तोंडाला चव आली होती आणि आम्ही तिला वाढत होतो. ज्या मिठाने तिची नजर काढली, तेच मीठ ताटातून तिच्या अंगात भरत होतो, हे आम्हाला कोण सांगणार?

तिचं डोकं दुखायचं. ते आम्ही काळ्या धुळीवर ढकललं. मंत्रालयाचा जिना चढताना दम लागायचा. ते वजन वाढल्यामुळे. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायावर खोल उमटलेला असायचा, तर चप्पलच बदलली. फाइलींमधली अक्षरं पुसट दिसायला लागली तेव्हा आई म्हणाली, "नंबर वाढला वाटते," आणि आम्ही चष्मा बदलायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो.

त्यांनी थेंब टाकून बराच वेळ आत पाहिलं. मग दिवा बाजूला केला आणि चष्म्याबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, "मैडम, बीपी कब नपवाया था?"

आईला आठवेना. त्यांनी तिथेच तिच्या दंडाला पट्टा बांधला. नाडी बघायला ते दो-छहच्या बांगड्या वर सरकवायला गेले, त्या जागच्या हलेनात. पट्ट्यात हवा भरून त्यांनी एकदा मोजलं, मग दुसऱ्या हाताला बांधून पुन्हा मोजलं. बाहेर येऊन माझ्या कानाशी बोलले, "चश्मा रहने दो. आज ही खून और पेशाब की जाँच कराओ." मी रिक्षा थांबवली. आई विचारत होती, "नंबर किती निघाला?"

रिपोर्ट आले आणि आम्ही पुन्हा नागपूरच्या गाडीत बसलो. या वेळी बाबा सोबत होते. किडनीचे डॉक्टर वयस्क, सावकाश बोलणारे होते. त्यांनी आईला खाटेवर बसवलं, साडीची कड वर केली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडे पाहत होतो. तो भरून यायला किती वेळ लागत होता!

"बाई, अंग नाही भरलं तुमचं," ते म्हणाले. "पाणी भरलं आहे."

मग त्यांनी समजावलं, आणि त्यांची ती समजावण्याची पद्धत मला अजून आठवते, कारण ते आईशी बोलत होते, आमच्याशी नाही. किडनी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची गाळणी. किरणं गाठीच्या पेशी मारायला सोडलेली असतात, पण वाटेत आणखी काय काय आहे ते त्यांना कळत नाही. या वाहिन्यांना आतून एक नाजूक अस्तर असतं, ते दुखावतं. कातडी भाजली तर लगेच दिसते. हे अस्तर मात्र फार सावकाश बदलतं, जुन्या पेशी जाऊन नव्या यायची वेळ येते तेव्हा कळतं की नव्या येतच नाहीत. म्हणून सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ माणूस ठणठणीत वाटतो. मग वाहिन्या आतून जाड होतात, चोंदतात. गाळणी फाटल्यासारखी होऊन रक्तातलं प्रथिन लघवीत जातं. मीठ आणि पाणी बाहेर जायचं ते अंगात साठतं. आपल्याला रक्त कमी पडतंय अशी किडनीची समजूत होते, ती बीपी वाढवते, आणि ते वाढलेलं बीपी पुन्हा तिलाच मारतं. "नवीन रक्त बनवायचा हुकूमही किडनीच देते," ते म्हणाले. "तो कमी झाला. म्हणून तुम्ही अशा पांढऱ्या दिसता."

"मले तर सगळ्या बाया म्हणत होत्या, रंग उजळला," आई म्हणाली. आणि हसली. आम्ही कोणी हसलो नाही.

मग तिने खाली पाहत विचारलं, "डॉक्टरसाहेब, एक विचारू? ते लोक हलू नका म्हणायचे ना, तर मी श्वास रोखून धरत होती. खोल घेऊन. त्याच्यानं तर नाही झालं?"

मागच्या उन्हाळ्यात ज्या गोष्टीवर मी आणि मावशी हसलो होतो, ती हिच्या मनात त्या रिपोर्टाच्या दिवसापासून कुरतडत होती. बाबांनी मान फिरवली.

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "नाही," ते म्हणाले. "श्वास घ्या, सोडा, रोखा, किडनी थोडी खाली-वर होतच असते. ठोकळा आपल्या जागी असतो. आणि सगळ्या पोटाला किरणं द्यायची तर तिला थोडा मार बसणारच होता. कोणाला सोसतो, कोणाला नाही. तुम्ही काही चुकीचं केलं नाही." आईने दोनदा मान हलवली. तिला ते पटलं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

"आन् किरणं घेतली नसती तर?" बाबांनी विचारलं.

"तर कदाचित गाठ परत आली असती. कदाचित. खात्रीनं कोणी सांगू शकत नाही."

गोळ्या लागल्या. बीपीच्या, लघवी जास्त करायच्या. मीठ बंद. आणि रोज सकाळी वजन करायचं, वाढलं की पाणी साठलं असं समजायचं आणि त्या दिवशी लघवीची एक गोळी जास्त घ्यायची. बाबांनी गोल बाजारातून वजनाचा काटा आणला. तो एकाच माणसाला पाठोपाठ दोन वजनं सांगायचा. आईने त्याला पहिल्याच आठवड्यात कॉटखाली ढकललं. "हे मशीन खोटं बोलून राहिलं. माह्या बांगड्या खोटं नाही बोलत."

तिचं म्हणणं खरं होतं. गोळ्यांनी जसजसं पाणी उतरलं तसतशा त्या दो-छहच्या बांगड्या सैल झाल्या होत्या. सूज कमी असली की बांगडी मनगटावरून वर, हाताच्या मध्यावर एक तीळ होता तिथवर सहज जायची. पाणी साठलं की मनगटातच अडायची. आई रोज सकाळी स्वतःच सरकवून पाहायची आणि रोज म्हणायची, "गेली तिळापर्यंत." तिला ती जास्तीची गोळी नको असायची, ऑफिसात सारखं उठावं लागायचं म्हणून.

एक दिवस बाबांनी पाहिलं. "तू जोर लावून राहिली."

"नाही लावत."

"हाताले लाल रेघ आली आहे. लबाडी कायले करते? आण इकडे."

तेव्हापासून हे काम बाबांकडे गेलं. मी माझ्या बाबांना आईचा हात धरताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते तिला नावानेही हाक मारत नसत, "ऐकलं का" म्हणायचे, आणि रस्त्याने चालले की चार पावलं पुढे. आता रोज सकाळी उरल्याची बस पकडायच्या आधी, बुटांच्या नाड्या बांधून झाल्या की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. आई ओला हात पदराला पुसून पुढे करायची. बाबा डाव्या हाताने तिची बोटं धरायचे आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी बांगडी अलगद वर सरकवायचे, काच फुटेल की काय अशा बेताने. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. मी दात घासत बघायची. बांगडी तिळाला लागली की बाबा म्हणायचे, "उतरली." नाही लागली तर फळीवरून गोळीची पट्टी काढायचे.

त्यावरून भांडणंही होत. "तीळ तिथं नाही, इथं आहे," आई म्हणायची. "तीळ काय रोज जागा बदलते?" बाबा म्हणायचे. एकदा मी वैतागून ओरडले, "अरे, पेन से लाइन खींच दो ना!" आईच्या अंगावर शाईच्या रेघा एकदा मारून झाल्या होत्या. मला कोणी रागावलं नाही, आणि रेघही कोणी मारली नाही.

आता सगळं उलटं झालं होतं. पाऱ्यातल्या बाया भेटल्या की हळहळायच्या, "किती वाळली हो!" आणि आई घरी येऊन खुशीत सांगायची, "आज तिघीजणी वाळली म्हणाल्या." बाबांनीही मीठ सोडलं. बिनमिठाचं वरण ते असं जेवायचे की जणू काही बदललंच नाही. मी मात्र आठवड्याभरात हात टेकले आणि माझ्यासाठी लोणच्याची बरणी गच्चीच्या जिन्यात लपवली. आईला ती ठाऊक होती. ती कधीमधी जिन्यात जाऊन झाकण उघडायची, वास घ्यायची आणि बंद करायची.

अशी बरीच वर्षं गेली, आणि ती वाईट नव्हती. आई मंत्रालयात जात राहिली. नव्या राजधानीच्या किती आदेशांच्या किती प्रती तिने टंकल्या असतील! तिच्या साहेबाला खुर्ची आली, मग एसी आला, तिच्या टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला. भिंतीवरचा खाटेचा नंबर रंगाखाली गेला. किडन्या मात्र हळूहळू आटत गेल्या. डॉक्टरांनी सोनोग्राफीत दाखवल्या, वाळल्या चिंचोक्यांसारख्या बारीक दिसत होत्या. शेवटी डायलिसिस सुरू झालं, तेव्हा एका हातात नळी लागायची म्हणून त्या हातातल्या बांगड्या काढल्या. दुसऱ्या हातात एक राहिली. बाबा रोज सकाळी तीच सरकवून पाहत. मिल कधीच सुटली होती, बस पकडायची नव्हती, तरी ते बूट घालून मगच दारात यायचे.

एका पावसाळ्यात आई गेली. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही.

नंतर सरकार शहराबाहेरच्या नव्या राजधानीत राहायला गेलं आणि ती जुनी इमारत पुन्हा दवाखाना झाली. तिथे आता डायलिसिसही होतं म्हणे. त्या रस्त्याने जाताना मी वर बघते. माझा जन्म, तिचं टेबल, आणि आता कुणाकुणाची मशीनं, सगळं त्या एकाच जिन्यावरचं. मी अजून आत गेले नाही.

सांगायचं होतं ते फोटोचं. तेराव्याच्या आधी भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी आजारपणाच्या आधीचा एक शोधून ठेवला होता, ओठ मिटलेला, नीट भांग पाडलेला. बाजारातून परत आले तर बाबांनी चौकट करून आणली होती. तो संक्रांतीचा फोटो होता. काळी साडी, चेहऱ्याजवळ उचललेले दोन हात, रुतलेल्या हिरव्या बांगड्या, सुजलेले गाल, आणि ते तोंडभर हसू.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, ये आई नहीं है! ये सूजन है. पूरा पानी भरा है इसमें. आपको दिखता नहीं?"

"दिसते ना," बाबा फडक्याने काच पुसत म्हणाले. "माह्याइतकं कोणाले दिसीन?"

"मग काहून लावता?" मी विचारलं. मराठीत कसं विचारलं, मलाच कळलं नाही.

ते खुर्चीवर बसले. चौकट मांडीवर घेतली. "तू काढला तो पहिलेचा आहे. तिले काही झालंच नव्हतं तेव्हा. आन् त्याच्यानंतर रोज सकाळी मी तिचा हात धरला, तर ती माह्या तोंडाकडे पाहत होती. उतरली म्हणतो का नाही म्हणतो, असं. भेत होती ती. रोज भेत होती." त्यांनी फोटोतल्या हातावर बोट ठेवलं. "ह्या दिवशी तिले वाटलं होतं, का आपण वाचलो. असा दुसरा असन तर आण. मी हा काढतो."

मी कपाटातले सगळे आल्बम खाली काढले आणि संध्याकाळपर्यंत बसले. मग स्टूल आणलं, आणि बाबांनी खिळा ठोकला तेव्हा चौकट मीच धरली.